पाठवणीचा खुंट

"मॅडम, फोटोत काय दाखवू राह्यल्या? खुंट इथंच उभे हायेत. कापून दाखवा ना!"

सुपडूभाऊ भारंबे पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या बोलण्यावर अख्खा मांडव हसला, मीही हसले.

मांडव लग्नाचा होता. लीलाधरअण्णा नेहेत्यांच्या हर्षालीचं लग्न आदल्या दिवशीच लागलं होतं. खुर्च्या, पंखे, माइक, सगळं भाड्याचं, आणि ते न्यायला माणसं संध्याकाळी येणार होती. म्हणून अण्णांनीच मला फोन केला होता. "मीटिंग उद्याच घेऊन टाका मॅडम. मांडव उभा हाये, गाव जमलेलं हाये. उरलेले लाडूबी संपतील." तामसखेड्यात अण्णांचा शब्द चालायचा. तापीकाठच्या त्या पट्ट्यात त्यांच्या बागेइतकी जुनी केळीची बाग दुसरी नव्हती. माझ्यासारख्या कोकणातून बदलून आलेल्या बाईला गावात उभं राहायला जागा मिळाली ती त्यांच्यामुळेच.

मी कृषी केंद्रात पिकांच्या रोगांचं काम बघायची. त्या उन्हाळ्यात एकच विषय घेऊन गावोगाव फिरत होते. केळीच्या मर रोगाची एक नवी जात शेजारच्या जिल्ह्यात सापडली होती. आपल्याकडे ती अजून आलेली नव्हती. हा रोग म्हणजे मातीत राहणारी बुरशी. चपलेला लागलेल्या चिखलातून, फावड्यातून, कंदाबरोबर आलेल्या ढेकळातून ती जाते. एकदा जमिनीत शिरली की त्या जमिनीत पुढची पिढीसुद्धा ही केळी लावू शकत नाही. औषध नाही.

"औषध नही तर सांगाले कशाले आल्या?" हा प्रश्न प्रत्येक गावात यायचा, इथेही आला होता. आणि निघताना साहेबांनी प्रत्येक वेळी बजावलेलं असायचं, "माहिती द्या. घाबरवू नका."

मी घाबरवत नव्हते. पडद्यावर रोगट खोडाचा कापलेला फोटो होता, पांढऱ्या गरात तांबूस तपकिरी धागे. मागच्या रांगांतले लोक लाडू खात होते. तेवढ्यात सुपडूभाऊंनी खुंटांचं काढलं.

मांडवाच्या दाराशी दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधलेले होते. अख्खी झाडं, कंद आणि मातीसकट उपटलेली. खालची पानं काढून शेंड्याची तेवढी ठेवलेली.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "रोगट खोड फोटोत पाहिलंत, आता निरोगी खोड कसं असतं ते पाहा. कापू का अण्णा?"

अण्णा माझ्या शेजारीच, दुसरा माइक धरून बसले होते. यजमान तेच होते. "कापा, कापा," ते म्हणाले. "त्याचं काम झालं आता."

कुणीतरी विळा दिला. मी खुंट आडवा करून घेतला आणि बुडाशी तिरका छेद दिला. खोड मऊ होतं, विळा सहज गेला. मी लोकांकडे बघत होते. "हे बघा, आत कसं पांढरं..." असं म्हणून मी खाली पाहिलं.

आत पांढरं नव्हतं.

तांबूस धागे कडेकडेनं वर गेले होते. मी अजून थोडं वर कापलं. तिथेही होते. खोडकिडा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण किडा भोकं पाडतो, भुसा टाकतो. इथे भोक नव्हतं, भुसा नव्हता. कुजल्याचा वास येतो का ते पाहिलं. वासही नव्हता. मी उठून पलीकडचा खुंट कापला. त्यातही तेच. मग कंदावर छेद दिला. धागे तिथूनच निघाले होते.

बाकी कुणाला अजून काही दिसलं नव्हतं. सुपडूभाऊंना दिसलं होतं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग खुंटाकडे, मग माझ्याकडे.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "हे तर फोटोसारखंच दिसू राह्यलं."

मी आवाज सरळ ठेवला. "अण्णा, हे खुंट कुठले?"

"कुठले म्हणजे? माह्याच बागेतले." अण्णांनी माइक तोंडाशी नेला. त्यांचा आवडता विषय होता. "आजूबाजूच्या पाच गावात कुणाचंबी लग्न असो, खुंट नेहेत्यांच्या बागेतून जातात. आजोबापासून चालत आलंय. आम्ही कधी कोणाले नही म्हटलं नही."

"कोणती झाडं देता?"

"आता घ्या!" ते हसले. "लागतं झाड कोण कापीन मॅडम मांडवासाठी? जे निसवणार नही, ज्याले घड धरणार नही, तेच द्यायचं. यंदा अशी लई निघाली. खालची पानं पिवळी पडून खोडाले लोंबत्यात. ती सोलून टाकली की झालं. वरचा पोंगा, शेंड्याचं गुंडाळलेलं पान, तर हिरवागार ऱ्हातो, ताठ. मांडवाले तेवढाच लागतो."

माइक चालू होता. सगळ्या मांडवानं ते ऐकलं. आणि पडद्यावर, रोगट खोडाच्या फोटोखाली, मीच मोठ्या अक्षरांत लिहून आणलेलं होतं: खालची पानं पिवळी पडून खोडाला लोंबतात. वरचा पोंगा काही दिवस हिरवा व ताठ राहतो.

मला काहीच बोलावं लागलं नाही. पुढच्या रांगेनं पडदा वाचला, मग दुसरीनं. शांतता मागे सरकत गेली. अण्णांनी सगळ्यांत शेवटी वाचलं. त्यांच्या पाठीशी पडदा होता, त्यांना वळावं लागलं.

मधल्या रांगेतल्या एका माणसानं दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले. मग त्याच्या शेजारच्यानंही.

मागून कुणीतरी म्हणालं, "अण्णा, माह्या पुतण्याच्या लग्नातले खुंट मी बांधावरच टाकले होते."

"आमचे तर पाटात सोडले."

"थांबा," मी म्हटलं. "कुणी उठू नका. कुणी हात लावू नका. अजून खात्री नाही. नमुना प्रयोगशाळेत जाईल, अहवाल येईल, मगच..."

"मग झालं ना!" अण्णांनी तो शब्द पकडला. "रिपोर्ट येऊ द्या. उगाच काहून लोकांले भेव दाखवता?"

मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मांडवाच्या आत, बोहल्याच्या दोन खांबांना सुतळी नुसतीच लोंबत होती. तिथली जमीन ओली होती आणि तिच्यावर पाटीभर माती सांडलेली होती.

"तिथेही खुंट होते का?"

उत्तर निर्मलाकाकूंनी दिलं. त्या अण्णांच्या पत्नी, लाडवांचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. "ती जोडी हर्षालीसंगं गेली, मॅडम. पाठवणीचे खुंट. सासरच्या बागेत नवरानवरीनं मिळून लावायचे असतात, विहिरीपाशी. ते निसवले की पोरीचा संसार फळतो म्हणतात."

"कधी लावतात?"

"आजच. सत्यनारायण उरकला की."

हर्षालीचं सासर करंजवेल, तापीच्या पलीकडे. त्या काठावर केळीला केळी लागून आहे, मध्ये बांधाचीच जागा सुटते. तिथल्या मातीचे नमुने मी आदल्याच महिन्यात तपासले होते. स्वच्छ निघाले होते. विहिरीपाशी लावलेल्या झाडाची माती पाण्याबरोबर कुठे कुठे जाईल, हे मी न ठरवताच मोजायला लागले होते.

"अण्णा, फोन लावा."

त्यांनी माझा दंड धरला नाही एवढंच. भांडी ठेवली होती त्या कनातीमागे ते मला घेऊन गेले. तिथे त्यांचा आवाज वेगळाच होता.

"मॅडम, काल पोर दिली. आज व्याह्यांना काय सांगू? तिच्यासंगं रोग पाठवला म्हणून?"

"लावण्याआधी थांबवायला हवं."

"तुम्हालेच खात्री नही. आत्ता म्हणाल्या तुम्ही."

"पूर्ण नाही."

"आन् चुकल्या तर?"

"तर मी करंजवेलला जाऊन त्यांच्या दारात माफी मागीन."

"तुमच्या माफीनं तिचं काय होणार हाये? तुम्ही बदली होऊन जाल. ती तिथंच ऱ्हाणार. घरात म्हैस आटली तरी म्हणतील, रोगाचा खुंट घेऊन आलेली हाये."

मी चुकले तर एका मुलीचा संसार, आणि बरोबर असले तर नदीचा एक काठ. मी फक्त कापलेली दोन खोडं पाहिली होती, आणि त्यांच्यावरून ठरवायचं होतं. साहेबांना विचारावं असं वाटलं, पण ते 'अहवाल येऊ द्या' म्हणतील हे ठाऊक होतं. ते तसं म्हणाले असते तर मी ऐकलंही असतं, म्हणून मी त्यांना फोन केला नाही.

"आणि मी चुकलेली नसेन तर, अण्णा?"

कनात बाजूला झाली. सुपडूभाऊ आत आले. दोघांचं वर्षानुवर्षांचं वाकडं गावाला माहीत होतं.

"लावा अण्णा फोन. नही तर मी लावतो. करंजवेल माह्या साडूचं गाव हाये."

"तुले लई आनंद झाला असंल आज."

सुपडूभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली. "तुह्या बागेले माही बाग लागून हाये, लीलाधर. पाणी तुह्याकडून माह्याकडं उतरतं. मले कशाचा आनंद होईन?"

तेव्हा मला कळलं की ते फोटो बघितल्यापासून स्वतःच्या बागेतली पिवळी पानं आठवत बसले आहेत.

अण्णांनी फोन काढला. ते नेहमी स्पीकरवरच बोलायचे. आताही सवयीनं तेच बटण दाबलं गेलं. कनातीपलीकडे गाव बसून ऐकत होतं.

पलीकडून हसण्याचे आवाज आले. "बाबा! बोला. आम्ही बागेत चाललो, आत्याबाई उखाणा घेतल्याशिवाय सोडतच नव्हत्या."

"खुंट लावले का?"

"लावतोच आहोत. यांनी खड्डे खणून ठेवलेत. मोटर चालू करायचं राहिलंय."

"लावू नको."

"का?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "ते... ते चुकीचे गेले बेटा. दुसऱ्या जातीची झाडं हायेत. मी चांगली जोडी पाठवतो उद्या."

मी मानेनं नाही म्हटलं. त्याच बागेतली दुसरी जोडी. अण्णांनी मान फिरवली.

"बाबा, तुम्ही पण ना!" हर्षाली हसली. "बरं. मग हे काय करू? पाटात सोडून देते, पाणी चालूच आहे."

"नको!"

मी ओरडले होते. पलीकडचं हसणं थांबलं.

"कोण आहे तिथे? बाबा, काय झालंय?"

अण्णा भांड्यांच्या ढिगावर टेकले. एक पातेलं घरंगळत गेलं. मग एकेक शब्द सुटा सुटा करून बोलले.

"हर्षाली, ऐक. पाटात टाकू नको. खाली ठेवू नको. माती सांडू देऊ नको. आपल्या बागेत रोग हाये. त्या खुंटांत रोग हाये. मी पाठवला तो."

कनातीपलीकडे एक बाई "अरे देवा" म्हणाली.

पलीकडे कुणीतरी फोन घेतला. आवाज जड होता. हर्षालीचे सासरे, पितांबरदादा झोपे. "अण्णा, पुन्हा सांगा."

अण्णांनी पुन्हा सांगितलं. तितकंच, त्याच शब्दांत.

मग पितांबरदादांनी विचारलं, "काल गाडीतून उतरवताना अंगणात माती सांडली. तिचं काय?"

अण्णांनी फोन माझ्यापुढे धरला. मी सांगितलं: सांडलेली माती खरवडून पिशवीत भरा, खुंटही खताच्या गोणीत घालून तोंड बांधा, फावडं त्या जागेवरून हलवू नका, ज्यांनी हात लावला त्यांनी हातपाय, चपला घासून धुवा, ते पाणी बागेत सोडू नका.

"आन् सूनबाई?" पितांबरदादा म्हणाले. "तिच्या पायालाबी तीच माती असंल. तिचं काय करू?"

अण्णांनी डोळे मिटले.

"रोग माणसाला लागत नाही, दादा," मी म्हटलं. "पाय धुतले की झालं."

"बरं," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला. ते 'बरं' कसलं होतं ते कुणालाच सांगता आलं नसतं.

त्यानंतरची दुपार मला तुकड्यातुकड्यांत आठवते. माझ्या गाडीत जंतुनाशकाचा कॅन होता, नुसता दाखवायला आणलेला. तो घमेल्यांत ओतून पाणी घातलं. आधी ब्रशनं माती काढायची, मग पाय आणि चपला बुडवायच्या, मगच मांडवाबाहेर जायचं. जे तासाभरापूर्वी लाडू खात होते ते आता रांगेत उभे राहून चपलांच्या खाचा काडीनं कोरत होते. कुणी औषध विचारलं नाही. मी त्या खोडाचे तुकडे कागदात गुंडाळून पाकिटात बंद करत होते आणि देवाला मानत नसूनही मनात म्हणत होते, किडा निघू दे.

उन्हं कलताना एक जीप गावात शिरली. मी हात दाखवून तिला सडकेवरच थांबवलं.

हर्षाली उतरली. हिरवी साडी, हातात चुडा, हळद अजून निघाली नव्हती. दोन्ही हातांनी तिनं खताची गोणी छातीशी धरली होती. मागून तिचा नवरा भूषण दुसरी गोणी घेऊन आला. पाठवणीनंतर दुसऱ्याच दिवशी, न बोलावता, नवरी माहेरच्या दारात. निर्मलाकाकूंनी तोंडावर पदर घेतला.

"काय म्हणाले व तुह्ये सासरे?" त्यांनी विचारलं. "तुले... ठेवून जायचं सांगितलं का?"

भूषण म्हणाला, "मावशी, दादांनी सांगितलं, ज्या मातीतले खुंट आहेत तिथंच जाळून या. आणि येताना दोघं पाय धुवून या."

"दोघं?"

"दोघं. संध्याकाळी देवदर्शन आहे, उशीर करू नका म्हणाले."

काकूंनी तोंडावरचा पदर काढला.

अण्णा उठले. त्यांनी एक घमेलं रिकामं केलं, विसळलं, ताजं पाणी आणि औषध घातलं. सडकेच्या कडेला खुर्ची ठेवली. "बसा जावईबापू."

"अण्णा, मी धुतो माझे."

"बसा." अण्णा गुडघ्यावर बसले. आदल्या दिवशी याच माणसाचे पाय त्यांनी पितळी ताम्हणात, दूध-पाण्यानं, मंत्र चालू असताना धुतले होते. "काल धुतले तवा नीट धुतले नहीत."

त्यांनी ब्रश घेतला. टाचा घासल्या, बोटांच्या बेचक्या घासल्या, नखांखालची माती काडीनं काढली. मग हर्षालीचे. पायांवर मेंदी होती. ती मान वर करून कुठेतरी बघत होती आणि तिचे अश्रू हनुवटीवरून अण्णांच्या डोक्यावर पडत होते. अण्णांनी तिच्या जोडव्यांखालून बोट फिरवलं, तिथेही माती होती. ती निघेपर्यंत त्यांनी पाय सोडला नाही. मी जीपची चाकं धूत होते.

किडा निघाला नाही. अहवाल आला तेव्हा अण्णांनी बाग स्वतः जाळली, मी सांगायची वाट पाहिली नाही. पाठोपाठ सुपडूभाऊंची गेली. ज्या ज्या गावांत खुंट गेले होते तिथे मी वर्षभर फिरले. काही ठिकाणी वेळेत पोचले, काही ठिकाणी नाही. तामसखेड्यात आज हळद आहे, मका आहे. केळी नाही. त्या पट्ट्यात लग्नाच्या मांडवाला आता खुंट बांधत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात माझं करंजवेलला जाणं झालं. नदीपलीकडे केळीला अजून केळी लागून आहे. बागेच्या तोंडाशी घमेलं ठेवलेलं होतं, शेजारी ब्रश. हर्षालीनं माझ्या पायांकडे बोट दाखवलं आणि मग हसून नमस्कार केला.

बांधावर अण्णा बसले होते. लेकीकडे आले होते. पाय ओले होते, चपला धुऊन उलट्या ठेवलेल्या. आत विहिरीपाशी, करंजवेलच्याच बागेतली रोपं घेऊन लावलेली दोन झाडं निसवलेली होती, घड खाली झुकलेले.

"चला ना अण्णा, आतून बघू," मी म्हटलं.

"तुम्ही या बघून," ते म्हणाले. "मी इथूनच पाह्यतो."